अमेरिकेच्या कर्त्या पुरुषांची भांडणे आणि त्यांचे मौन

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या मेळाव्यात एका ग्रामशिक्षकाने केलेले भाषण)



जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले. ते त्यांनी कोणाला अर्पण केले? कोण्या राजाला नाही, कोण्या शेठसावकाराला नाही. अमेरिकेतील ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांच्या बेड्या तोडण्यासाठी झीज सोसली, त्यांच्या नावाने ते अर्पण केले. जोतीरावांनी ज्या देशाकडे बोट दाखविले, त्या देशाचे राज्य कोणी उभारले, कसे उभारले, आणि मुळात त्या बेड्या घटनेच्या आश्रयाने राहिल्याच कशा, हे आपल्यासारख्यांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

त्या देशात या कर्त्या पुरुषांचे पुतळे आहेत, नाण्यांवर आणि नोटांवर त्यांची चित्रे आहेत. पुतळा झाला की माणसाचा देव होतो, आणि देव झाला की त्याच्यापासून शिकण्यासारखे काही उरत नाही. म्हणून पुतळे बाजूला ठेवून आपण माणसे पाहू. ही माणसे एकमेकांवर जळत होती, एकमेकांची वर्तमानपत्रांतून नालस्ती करीत होती, आणि शेवटी त्यांतील एकाने दुसऱ्यास गोळी घातली. इतके असून राज्य बुडाले नाही. ते बुडत आले ते पुढे सत्तर वर्षांनी, आणि तेही ज्या प्रश्नावर ही मंडळी भांडली त्यामुळे नव्हे. ज्या प्रश्नावर सर्वांनी मिळून तोंड बंद ठेवले त्यामुळे. आजच्या भाषणाचे सार एवढेच. आता हकीकत ऐका.

इंग्रजांच्या तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी आपण स्वतंत्र झालो असे जाहीर केले. लढाई चालू राहिली, आणि १७८३ साली पॅरिसच्या तहाने इंग्रज सरकारने ते कबूल केले. आपल्या जुन्या पुस्तकांत या तेरा भागांना ‘संस्थाने’ म्हटले आहे. पण तेथे संस्थानिक कोणी नव्हता, निवडलेली सभा होती. तेरा संस्थानांची मिळून एक काँग्रेस होती, परंतु तिला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. तेरा घरांनी मिळून विहीर खणावी आणि मोटेचा खर्च कोणी द्यावयाचा हे ठरवूच नये, तशी त्या राज्याची गत होती.

याचा पहिला फटका कोणाला बसला? शेतकऱ्याला. ज्यांनी लढाई मारली त्या शिपायांना पगाराऐवजी सरकारी कागद मिळाले होते. ते कागद घेऊन शिपाई शेतावर परतले, तो सावकाराचे देणे दारात उभे, आणि सरकारी कर रोख नाण्यात मागितलेला. १७८६ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम भागात शेतकऱ्यांच्या जमिनी व गुरे कर्जापायी विकली जाऊ लागली. तेव्हा लोकांनी जमाव करून न्यायकचेऱ्या अडविल्या. कचेरी बसली नाही म्हणजे जप्तीचा हुकूम निघत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या म्होरक्यांत डॅनिअल शेज नावाचा, स्वातंत्र्याच्या लढाईत कॅप्टन राहिलेला शेतकरी होता. जानेवारी १७८७ मध्ये हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफ डागली गेली, चार जण मेले, बाकीचे पांगले.

या दंग्याविषयी कर्त्या पुरुषांचे एकमत होते काय? मुळीच नाही. जनरल वॉशिंग्टन हे ऐकून फार अस्वस्थ झाला. स्वातंत्र्य हातचे जाते की काय, असे त्याला वाटले. थॉमस जेफरसन त्या वेळी पॅरिसला वकील म्हणून राहत होता. त्याने लिहिले ते याच्या उलट: अधूनमधून असे बंड होणे राज्याच्या प्रकृतीला बरेच असते. दोघेही मोठे जमीनदार, दोघेही एकाच व्हर्जिनिया संस्थानातले. पण एकाला शेतकऱ्याच्या दंग्यात आग दिसली, दुसऱ्याला औषध दिसले. तेथून पुढच्या तटांची चाहूल लागते.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फिया शहरात नवी राज्यघटना करण्यासाठी बैठक भरली. बारा संस्थानांतून मिळून ५५ असामी आले. ऱ्होड आयलंडने कोणासच पाठविले नाही. दारे बंद ठेवून, बाहेर एक शब्द जाऊ न देता, चार महिने हे काम चालले. बहुतेक सर्व जमीनदार, वकील नि व्यापारी. स्त्री एक नाही, काळा मनुष्य एक नाही, रोजमजुरीवर पोट भरणारा एक नाही. मात्र कारागिरांतून वर आलेले दोघे तेथे होते, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. ८१ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन हा मेणबत्त्या नि साबण करणाऱ्याचा मुलगा, स्वतः छापखान्यात खिळे जुळवून मोठा झालेला. दुसरा कनेक्टिकटचा रॉजर शर्मन. हा तरुणपणी जोडे शिवण्याचा धंदा करीत असे.

बैठकीतील मोठे भांडण मोठ्या नि लहान संस्थानांचे. मोठी म्हणत, माणसे मोजा आणि त्या मानाने प्रतिनिधी द्या. लहान म्हणत, मग आम्हांला विचारतो कोण? सर्वांना सारखे द्या. दोन्ही बाजू उठून जाण्याच्या बेतात आल्या. तेव्हा शर्मनची सूचना कामी आली: दोन सभा करा, एकीत माणसे मोजून जागा, दुसरीत प्रत्येक संस्थानाला सारख्या जागा. अखेर हेच ठरले. एके काळी जोडे शिवणाऱ्याने काढलेली ती तोड त्या देशात आजही चालू आहे.

पण माणसे मोजावयाची ठरल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला. दक्षिणेकडील संस्थानांत लाखो गुलाम होते. त्यांना माणूस म्हणून मोजावयाचे, की मालकाची गुरेढोरे म्हणून सोडून द्यावयाचे? दक्षिणेचे धनी म्हणाले, मोजा. गुलामाला मत नाही, कचेरीत दाद नाही, स्वतःच्या लेकरावर हक्क नाही. पण मालकाच्या संस्थानाला जादा जागा मिळाव्यात म्हणून त्याला मोजा! शेवटी सौदा पटला: पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. त्याशिवाय आणखी दोन गोष्टी ठरल्या. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ सालापर्यंत काँग्रेसने बंदी घालू नये. आणि पळालेला गुलाम दुसऱ्या संस्थानात सापडला तर तो मालकाला परत करावा. इतके सगळे त्या कागदात लिहिले, परंतु ‘गुलाम’ हा शब्द मात्र कोठेही येऊ दिला नाही. ‘इतर व्यक्ती’ अशी भाषा घातली. ज्याची लाज वाटते त्याचे नाव टाळावयाचे, पण त्याचा नफा टाळावयाचा नाही, ही धूर्त माणसांची रीत सर्व देशांत एकच आहे.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. अखेरपर्यंत बसलेल्या तिघांनी सही करण्यास नकार दिला. त्यांपैकी जॉर्ज मेसनची एक मोठी तक्रार अशी, की यात लोकांच्या हक्कांची यादीच नाही. बोलण्याचे, छापण्याचे, सभा भरविण्याचे स्वातंत्र्य कोठे आहे? मग संस्थानांसंस्थानांतून वाद पेटला. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कात ३० विरुद्ध २७, अशा निसटत्या मतांनी घटना मान्य झाली. मात्र विरोधकांचा आवाज इतका मोठा होता, की घटनेचा मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन, जो आधी अशी यादी अनावश्यक समजत होता, त्यालाच पुढे ती लिहावी लागली. १७९१ साली दहा दुरुस्त्या घटनेला जोडल्या गेल्या. बंधूंनो, आज सारे जग त्या घटनेचा जो भाग वाखाणते, तो हरलेल्या पक्षाच्या हट्टातून आला. विरोधक म्हणजे शत्रू, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता राज्य सुरू झाले. १७८९ साली वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स उपाध्यक्ष. खजिन्याचा मंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन. या शेवटच्या दोघांचे वैर म्हणजे त्या राज्याच्या बालपणाची सगळी कथा.

हॅमिल्टन वेस्ट इंडीजच्या बेटांवर जन्मला. आईबापांचे रीतसर लग्न नव्हते. आई लहानपणी वारली. व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करणाऱ्या या पोराची हुशारी पाहून तेथील लोकांनी पैसे जमवून त्याला शिकावयास पाठविले. तो न्यूयॉर्कच्या ज्या कॉलेजात शिकला, त्याचेच नाव पुढे कोलंबिया झाले. आणि तेथेच १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन आपले भीमराव आंबेडकर शिकावयास गेले. जेफरसन मोठ्या घरचा. हजारो एकर जमीन, आणि जन्मभरात मिळून सहाशेहून अधिक गुलाम त्याच्या मालकीचे होते. आता गंमत पाहा. अनाथ हॅमिल्टन पेढीवाल्यांचा कैवारी झाला, आणि गुलामांच्या श्रमावर बसलेला जेफरसन शेतकऱ्यांचा कैवारी झाला. माणसाची जात नि जन्म पाहून त्याचा पक्ष सांगता येत नाही. तो कोणाचा हिशेब मांडतो ते पाहावे लागते.

हिशेबाचा प्रश्न लगेच आला. शिपायांना मिळालेले ते सरकारी कागद आठवतात ना? पोटासाठी त्यांनी ते डॉलरमागे पंधरा-वीस सेंटांना विकून टाकले होते. शहरातील दलालांनी ते गोळा केले. १७९० साली हॅमिल्टन म्हणाला, सरकारने या कागदांची पूर्ण किंमत द्यावी, आणि ती आज ज्याच्या हाती कागद आहे त्यास द्यावी. मॅडिसन उठला नि म्हणाला, दलालास बाजारभाव द्या, पण उरलेली रक्कम ज्याने रक्त सांडले त्या मूळ शिपायास द्या. मत घेतले, तेव्हा मॅडिसनच्या बाजूस १३ आणि विरुद्ध ३६. हॅमिल्टनची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. तो म्हणे, आज आपण कागद मोडला तर उद्या आपल्या सहीवर कोणी कवडी देणार नाही. सरकारची पत गेली की राज्य गेले. यात तथ्य होते, आणि त्या देशाची पत त्याने खरोखर उभी केली. पण पत सरकारची वाढली नि शिपायाच्या हाती काही आले नाही, हेही तितकेच खरे.

संस्थानांची कर्जेही मध्यवर्ती सरकारने उचलावीत, यावर तर काँग्रेसच अडून बसली. तेव्हा जेफरसनने हॅमिल्टन नि मॅडिसन यांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. तेथे तोड निघाली: कर्जाला दक्षिणेकडील काही मते मिळावीत, त्या बदल्यात राजधानी दक्षिणेस, पोटोमॅक नदीकाठी जावी. आजचे वॉशिंग्टन शहर त्या सौद्यातून आले.

पुढे १७९१ साली हॅमिल्टनने सरकारी सनदेची बँक काढली नि दारूवर कर बसविला. डोंगरापलीकडचा पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी आपले धान्य बाजारास नेऊ शकत नसे. वाहतूक परवडत नसे, म्हणून तो त्याची दारू गाळून नेई. कर त्याच्याच मानेवर बसला. १७९४ साली तेथे बंड झाले, तेव्हा वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजार शिबंदी जमा केली. सैन्य पोहोचेपर्यंत बंडवाले पांगले होते. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली. वॉशिंग्टनने दोघांनाही माफी दिली.

जेफरसन नि हॅमिल्टन एकाच मंत्रिमंडळात बसत, आणि दोघांची दोन वर्तमानपत्रे होती. जेफरसनने तर आपल्या पत्राच्या संपादकास परराष्ट्रखात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली होती, साल पगार २५० डॉलर. म्हणजे सरकारी पगार घेऊन सरकारावर टीका! १७९२ साली वॉशिंग्टनने दोघांना पत्रे लिहून विनविले की थोडे सोसून घ्या. दोघांनीही उत्तरात आपापले गाऱ्हाणे मांडले. अखेर जेफरसन १७९३ सालच्या शेवटी नोकरी सोडून गेला. दोन तट पडले ते पडलेच: एक हॅमिल्टनचा फेडरलिस्ट, दुसरा जेफरसनचा रिपब्लिकन.

वॉशिंग्टन दोन मुदती संपवून १७९७ साली आपणहून घरी गेला. त्यानंतर अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी जेफरसन, त्या वेळच्या नियमाने, उपाध्यक्ष झाला. १७९८ साली अ‍ॅडम्सच्या पक्षाने कायदा केला की सरकारविरुद्ध खोटे नि द्वेषाचे लिहिणाऱ्यास तुरुंग. खोटे काय हे ठरविणारे मात्र त्यांचेच न्यायाधीश. व्हर्माँट संस्थानचा मॅथ्यू लायन हा आयर्लंडमधून आलेला. प्रवासाचे भाडे फेडण्यासाठी पोरवयात वेठीच्या करारावर राबलेला, पुढे काँग्रेसचा सभासद झालेला. अध्यक्षावर टीका लिहिली म्हणून त्याला चार महिने कैद नि एक हजार डॉलर दंड झाला. आणि लोकांनी काय केले? तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. कायद्याला असे उत्तर मतपेटीनेच द्यावे लागते.

मग आली १८०० सालची निवडणूक. जेफरसन नि त्याचा जोडीदार अ‍ॅरन बर या दोघांना प्रत्येकी ७३ मते, अ‍ॅडम्सला ६५. अ‍ॅडम्स हरण्यास त्याच्याच पक्षातील हॅमिल्टनने त्याच्यावर छापलेले पुस्तकही कारण झाले. घरचा भेदी तो हा. पण जेफरसन नि बर यांत अध्यक्ष कोण? बर मागे हटेना. निकाल प्रतिनिधिसभेकडे गेला. सोळा संस्थानांपैकी नऊ हवीत. जेफरसनकडे आठ, बरकडे सहा, दोन दुभंगलेली. ११ फेब्रुवारी १८०१ पासून पस्तीस वेळा मते घेतली, तिढा सुटेना. बाहेर शिबंदी सज्ज करण्याची भाषा सुरू झाली. अशा वेळी हॅमिल्टनने आपल्या पक्षास पत्रे लिहिली: जेफरसन माझा वैरी खरा, पण त्याला काही तत्त्वे आहेत, बरला नाहीत. १७ फेब्रुवारीस छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आला. त्या फेरीत व्हर्माँटचे मत जेफरसनला टाकणारा कोण होता? तोच मॅथ्यू लायन, ज्याला कैदेत घातले होते!

४ मार्च १८०१ च्या पहाटे अ‍ॅडम्स गाडीत बसून मुकाट्याने गावी निघून गेला. नव्या अध्यक्षाच्या समारंभास तो थांबला नाही. तेवढा त्याचा राग होता. पण त्याने सैन्याला हाक मारली नाही, किल्ल्या दडवून ठेवल्या नाहीत. आमच्या मते त्या साऱ्या इतिहासात ही पहाट सर्वांत मोठी. राग धरा, बोलू नका, पण हरल्यावर खुर्ची सोडा. राज्य एवढ्यावर तगते. ही चालही कोठे कायमची दगडावर कोरलेली नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी त्याच राजधानीत हरलेल्या अध्यक्षाच्या पाठीराख्यांचा जमाव काँग्रेसच्या इमारतीत शिरला, तो मतांची मोजणी थांबविण्यासाठी. म्हणजे ती चाल प्रत्येक पिढीने नव्याने राखावी लागते.

भांडण नियमाबाहेर गेले म्हणजे काय होते, तेही पाहा. १८०४ साली बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत हरला. हॅमिल्टन आपल्याविषयी खाजगीत हलके बोलला, असे वर्तमानपत्रात वाचून त्याने जाब विचारला, आणि शेवटी पिस्तुलाच्या द्वंद्वाचे आव्हान दिले. हॅमिल्टनचा थोरला मुलगा तीन वर्षांपूर्वी अशाच द्वंद्वात मेला होता. तरी अब्रूच्या खोट्या कल्पनेपायी तो गेला. ११ जुलै १८०४ च्या सकाळी हडसन नदीकाठी वीहॉकेन येथे बरची गोळी त्याला लागली नि दुसऱ्या दिवशी तो मेला. मारणारा त्या वेळी देशाचा उपाध्यक्ष होता! बरचे राजकारण तेथेच संपले. वर्तमानपत्रांतून दहा वर्षे भांडणारे हॅमिल्टन नि जेफरसन देशाला दोन पक्ष देऊन गेले. पिस्तुलाने भांडणारे दोघे आपापल्या घराचे वाटोळे करून गेले.

आणखी एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. थॉमस पेन. याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ तरुण जोतीरावांनी वाचला होता. पेन हा बायकांच्या चोळ्यांचे ताठे करणाऱ्या इंग्रज कारागिराचा मुलगा, आणि तोच धंदा शिकलेला. जानेवारी १७७६ मध्ये त्याने साध्या भाषेत लिहिलेल्या ‘कॉमन सेन्स’ या छोट्या पुस्तकाने अमेरिकेतील सामान्य माणसाला स्वातंत्र्याची गोष्ट पटविली. पुढे फ्रान्समध्ये तो तुरुंगात पडला, तेव्हा वॉशिंग्टनने सोडविले नाही, म्हणून चिडून त्याने वॉशिंग्टनवर उघड पत्र छापले. धर्ममार्तंडांवरही त्याने लिहिले. परिणाम? १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये तो मेला तेव्हा मूठभर माणसेच त्याला पोचवावयास गेली. पुतळ्यांच्या रांगेत कारागिराच्या पोराला जागा उशिराच मिळते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. इतकी सगळी भांडणे झाली. पण गुलामांचे काय?

फेब्रुवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे गुलामगिरी बंद करण्याविषयी अर्ज आले. एकावर म्हाताऱ्या फ्रँकलिनची सही होती. त्यानेही पूर्वी गुलाम बाळगले होते. मरतेवेळी त्याला उपरती झाली. दक्षिणेचे सभासद खवळले: हा विषय काढाल तर राज्य मोडेल. मार्चमध्ये सभेने ठरविले, की संस्थानांतील गुलामांना मुक्त करण्यात काँग्रेसला हात घालता येत नाही. फ्रँकलिन एप्रिलात वारला. बँकेवर भांडणारे हॅमिल्टन, जेफरसन, मॅडिसन या प्रश्नावर सभेत एकमेकांशी भांडले नाहीत. सगळ्यांनी मिळून कोंबडे झाकले.

पण कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही. १७९१ साली बेंजामिन बॅनेकर नावाच्या मेरीलँडच्या एका काळ्या, स्वतंत्र शेतकऱ्याने जेफरसनला पत्र लिहिले. हा मनुष्य स्वतःच गणित नि ज्योतिष शिकलेला. नव्या राजधानीच्या मोजणीत काम केलेला. स्वतः पंचांग तयार करणारा. सोबत त्याने आपल्या हातचे पंचांग पाठविले, नि विचारले की सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा ज्या हाताने लिहिला, तोच हात आमच्या भावांना दास्यात कसा धरून ठेवतो? जेफरसनने गोड उत्तर दिले, पंचांग पॅरिसच्या विद्वानांकडे पाठविले, आणि गुलाम मात्र आपल्याकडेच ठेवले. पुढे एका खाजगी पत्रात, हे गणित बॅनेकरने कोणाच्या मदतीवाचून केले असेल काय, अशी शंकाही काढली. शूद्रातिशूद्राने विद्या मिळविली तर ती उसनी असली पाहिजे, हे बोल आपल्या कानांना ओळखीचे आहेत!

१७९६ साली खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरातून, मंडळी जेवावयास बसली असता, ओना जज नावाची तरुण दासी निघून गेली. ती जहाजाने न्यू हँपशायरास पोहोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणण्याचे प्रयत्न केले. ती आली नाही. गरिबीत राहिली, पण १८४८ साली मरेपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांची सुटका लिहून ठेवली, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. पण ओना त्याच्या मरणाची वाट पाहत बसली नाही.

१७९० साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते; १८६० साली सुमारे चाळीस लाख झाले. ज्या मौनाने एकी राखली म्हणत, त्या मौनाचे व्याज असे चढत गेले. १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले, सहा लाखांहून अधिक माणसे मेली, तेव्हा डिसेंबर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. मुद्दल बापांनी उचलले, फेड नातू-पणतूंनी केली.

जेफरसन नि अ‍ॅडम्स यांचा मात्र १८१२ साली समेट झाला. दोघे म्हातारे चौदा वर्षे एकमेकांना पत्रे लिहीत राहिले, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघेही वारले. पुढाऱ्यांचे वैर असे मिटू शकते. ज्यांचा आवाज सभेत नव्हता, त्यांचा प्रश्न पुढाऱ्यांच्या समेटाने मिटत नाही.

बंधूंनो, आपल्याकडेही ‘आधी राजकारण, समाजसुधारणा मागाहून’ असे सांगणारे थोर होऊन गेले. १८९५ साली पुण्यास काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषदेला जागा मिळाली नाही, ती याच वादातून. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी जेफरसनचाच आधार घेतला: प्रत्येक पिढी म्हणजे जणू वेगळे राष्ट्र, मागच्यांनी पुढच्यांना कायमचे बांधू नये. त्याच भाषणात त्यांनी बजावले, की मतात समता नि जगण्यात विषमता, ही विसंगती फार दिवस ठेवाल तर लोकशाहीचा वाडा कोसळेल. बाबासाहेब न्यूयॉर्कात शिकले होते; झाकलेल्या प्रश्नाचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या गावोगाव सोसायट्या आहेत, शिक्षणसंस्था आहेत, पंचायती आहेत. त्यांत तट पडतात, म्हणून पुष्कळ भली माणसे हळहळतात. आम्ही म्हणतो, तटांना भिऊ नका. तुमचे भांडण सभेत मांडा, कारभाराच्या वहीत लिहा, मत घ्या. हरलात तर दप्तर नि किल्ल्या देऊन घरी जा, नि पुढच्या निवडणुकीला परत या. भीती बाळगावयाची ती दुसऱ्याच गोष्टीची. दोन्ही तटांचे पुढारी एका पंगतीस बसून जेव्हा म्हणतील, ‘हा विषय आता नको, एकी मोडेल’, तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी उठून विचारावे, की ही एकी कोणाच्या पाठीवर उभी आहे? ज्याच्या पाठीवर ती उभी असेल त्याला पुढे बोलवा, आणि आधी त्याला बोलू द्या.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. सत्याचा जय असो.